पस्तीस हजारांचा लोगो घेण्याआधी

प्रश्न थोडक्यात असा: मूल तालुक्यातल्या एका गावातला महिलांचा बचत गट. काही जणींच्या घरातच बुरुडकाम, बाकीच्यांनी चिचपल्लीच्या बांबू संशोधन व प्रशिक्षण केंद्रात शिकून घेतलेलं. लॅम्प, ट्रे, टोपल्या, पेनस्टँड, राख्या, कानातले असं पुष्कळ काही बनवतात. ताडोबाच्या वाटेवरच्या दोन रिसॉर्टना माल जातो, नागपूरच्या प्रदर्शनांत स्टॉल लागतो. आता ‘ब्रँड’ करायचा आहे. ‘ताडोबा बांबू आर्ट’ हे नाव आणि वाघाचं चित्र डोक्यात आहे. एका एजन्सीने लोगो, माहितीपत्रक आणि वेबसाइट मिळून ३५ हजार सांगितले. द्यावेत का? आणि नाही तर सुरुवात कुठून करावी?

ताई, आत्ता देऊ नका. एजन्सी फसवते आहे असं मी म्हणत नाही, तेवढ्या कामाचे तेवढे पैसे होतात. पण तुमची जी खरी अडचण आहे ती त्या तिन्हींतल्या एकानेही सुटणार नाही.

अडचण काय आहे ते बघा. मागच्या हिवाळ्यात तुमचा एक लॅम्प नागपूरला विकला गेला. आज तो कुणाच्या तरी हॉलमध्ये टांगलेला आहे. घरी आलेली मैत्रीण विचारते, ‘कुठून घेतला गं?’ ती सांगते, ‘सिव्हिल लाइन्सला प्रदर्शन लागलं होतं ना, तिथं चंद्रपूरकडच्या बाया बसल्या होत्या.’ संपलं. मैत्रिणीला लॅम्प हवा आहे, पैसे द्यायची तयारी आहे, पण तुमच्यापर्यंत यायला वाट नाही. ती ऑनलाइन शोधते आणि आसामचा किंवा चीनचा माल घेऊन मोकळी होते.

मी वर्धा-नागपूर-चंद्रपूर भागात हातमाग, माती, बांबू करणाऱ्या गटांसोबत नावं, लेबलं आणि किमती याचंच काम करते. माझ्या लेखी ओळख म्हणजे ही मैत्रीण तुमच्यापर्यंत पोहोचणं, म्हणजेच दुसरी ऑर्डर. नाव, चिन्ह, रंग, डबा, फोटो, काहीही ठरवताना हाच प्रश्न विचारा: यामुळे तिला माझा पत्ता लागेल का? लागत असेल तर खर्च करा.

आता मालापासून सुरू करू, कारण नाव चांगलं आणि माल कच्चा असला तर नावामुळेच बदनामी होते.

तुमच्या यादीत सगळं आहे. स्टॉलवर ते भरगच्च दिसतं, पण गिऱ्हाईक निघून गेल्यावर त्याच्या डोक्यात काहीच उरत नाही. दोन वस्तू अशा निवडा ज्या तुम्ही इतरांपेक्षा स्पष्टपणे चांगल्या करता. माझा कौल लॅम्प आणि एकात एक बसणाऱ्या तीन टोपल्यांचा संच यांना. टोपल्या एकात एक बसतात म्हणून एसटीत, कुरिअरमध्ये जागा कमी खातात. कुरिअरवाले वजनासोबत डब्याचं आकारमानही मोजतात, त्यामुळे पोकळ वस्तू हलकी असूनही पाठवायला महाग पडते. राख्या सोडू नका, ताडोबाच्या कोअर (आतल्या) भागातली सफारी जुलै ते सप्टेंबर बंद असते आणि नेमक्या त्याच वेळी राखी घरात पैसा आणते. पण राखी ही हंगामाची कमाई. तुमची ओळख तिच्यावर उभी राहायची नाही, कारण ती पंधरा दिवसांत मनगटावरून उतरते.

मग किडीचं. बांबू चुकीच्या दिवसांत तोडला तर त्यात पिष्ट (स्टार्च) जास्त असतं आणि भुंगेरा लागतो. माल विकताना काही दिसत नाही. दोन-तीन महिन्यांनी टोपलीखाली पिवळसर भुसा पडायला लागतो, बाई आधी झाडून घेते, मग टोपली उलटून बघते आणि मग टोपली कचऱ्यात जाते. त्या टोपलीवर तुमचं नाव असेल तर ते नाव तिने कायमचं लक्षात ठेवलं म्हणून समजा! पावसाळा सरल्यापासून थंडी संपेपर्यंत तोडलेला, निदान तीन वर्षांचा बांबू घ्या, पाण्यात मुरवा, आणि लॅम्प-ट्रे यांच्या पट्ट्यांना बोरिक अ‍ॅसिड-बोरॅक्सची प्रक्रिया करा, चिचपल्लीत दाखवली असेलच. ज्या टोपलीत पोळ्या, भाकरी, फळं थेट ठेवली जाणार तिला मात्र हे रसायन लावू नका. तिचा बांबू वेगळा ठेवा, आणि लेबलवर ती कशासाठी आहे ते लिहा. लॅम्पमधली वायर आणि होल्डर आयएसआय छापाचेच घ्या. बांबूच्या लॅम्पमध्ये स्वस्तातला होल्डर म्हणजे आगीशी खेळ.

आता नाव. ‘ताडोबा बांबू आर्ट’मध्ये तीन शब्द आहेत आणि एकही तुमचा नाही. ताडोबा सगळ्यांचा. मोहर्ली ते कोलारा कोणत्याही गेटजवळ उभं राहून आजूबाजूच्या पाट्या वाचा, रिसॉर्ट, ढाबा, जिप्सीवाला, टी-शर्टवाला, सगळीकडे तेच नाव आणि तोच डरकाळी फोडणारा वाघ. बांबू म्हणजे कच्चा माल. आर्ट म्हणजे काहीच नाही. उद्या शेजारच्या गावातल्या गटाने ‘ताडोबा बांबू क्राफ्ट’ काढलं तर तुम्ही त्यांना अडवू शकणार नाही. ट्रेडमार्क कायद्याच्या कलम ९ नुसार नुसतं मालाचं वर्णन करणारी किंवा नुसतं ठिकाण सांगणारी नावं सहसा नोंदली जात नाहीत. म्हणजे पैसे भरून अर्ज केला तरी आक्षेप येण्याचीच शक्यता जास्त.

इथे कुणीतरी म्हणेल, ठिकाणाच्या नावाने वायगावची हळद विकली जाते, भिवापूरची मिरची विकली जाते. खरं आहे, दोन्हींना जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन आहे, आपल्याकडच्या करवतकाठी साडीलाही आहे. पण जीआय ही त्या सगळ्या प्रदेशातल्या उत्पादकांची सामाईक ओळख असते. वायगावची हळद मागणाऱ्याला हळद वायगावची मिळते, कोणत्या शेतकऱ्याची ते त्यातून कळत नाही. तिथल्या एका शेतकऱ्यालाही स्वतःचं गिऱ्हाईक बांधायचं तर वेगळं नाव लागतंच.

बचत गटाचं नावही वापरू नका. रमाई, सावित्री, जिजाऊ, प्रगती ही नावं आदराची आहेत, पण उमेदच्या, म्हणजे राज्याच्या ग्रामीण जीवनोन्नती अभियानाच्या, एका तालुक्यातच त्या नावाचे किती गट निघतील मोजून बघा. गटाचं नाव बँकेच्या पासबुकावर राहू द्या.

मग नाव कसलं? दोन किंवा तीन अक्षरांचं, तुमच्या कामातलं, आणि फोनवर एकदा सांगितल्यावर समोरच्याला लिहिता येईल असं. नागपूर-मुंबईची गिऱ्हाइकं ते इंग्रजी अक्षरांत टाइप करून शोधणार आहेत. ‘वृक्षवेणू’ लिहायला बसलं तर दहा जण दहा तऱ्हेने लिहितील. तुमच्या आजी-सासूबाईंना एका जागी बसवा आणि विणकामातले शब्द त्यांच्या तोंडून काढून घ्या. विणीच्या तऱ्हांची नावं, हत्याराचं नाव, टोपलीच्या काठाचं नाव, लग्नात लागणाऱ्या परडीचं नाव. झाडीपट्टीत, म्हणजे आपल्या पूर्व विदर्भात, असे शब्द आहेत जे पुण्याच्या जाहिरातवाल्याने कधी ऐकलेले नसतात. त्यातले पाच-सहा वहीत लिहा. मग एक परीक्षा: शहरातल्या ओळखीच्या माणसाला फोन लावून ते नाव एकदाच सांगा, आणि दुसऱ्या दिवशी त्याला व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून पाठवायला सांगा. ज्या नावाचं स्पेलिंग तिघा-चौघांकडून एकसारखं आलं ते ठेवा. ट्रेडमार्क कार्यालयाच्या संकेतस्थळावर फुकट शोध घेता येतो, तिथे ते कुणी आधी घेतलंय का तेही बघा.

वाघाबद्दल वर बोललेच. वारली आकृत्यांबद्दलही बोलते, कारण एजन्सीच्या नमुन्यात त्या असणार याची मला खात्री आहे. त्रिकोणी अंगांची माणसं, गोल धरून नाचणारी. वारली चित्रकला पालघर-ठाण्याकडची, तिलाही जीआय आहे. चंद्रपूरच्या बुरुडकामाशी तिचा काही संबंध नाही. ‘आदिवासी’ म्हटलं की वारली चिकटवायचं ही शहरातल्या डिझायनरची सवय आहे, त्यांना गोंड, माडिया, कोरकू, वारली सगळे एकच. आणि तुमच्या गटातल्या बुरुड बाया आदिवासी नाहीतही.

चिन्ह हवंच असेल तर तुमच्या एका विणीचा चौकोन घ्या. उभ्या-आडव्या चार पट्ट्या, शेजारी नाव. एका रंगात, अंगठ्याच्या नखाएवढं छापलं तरी कळलं पाहिजे. नावासाठी ‘मुक्ता’ किंवा ‘बलू’ हे देवनागरी टंक (फॉन्ट) फुकट मिळतात, व्यवसायाला वापरायची मुभा आहे, आणि सोबत जुळणारी इंग्रजी अक्षरंही त्यात आहेत. मूलच्या किंवा चंद्रपूरच्या फ्लेक्सवाल्याकडे जाताना मजकूर छापील नेऊ नका, फाइल न्या. त्यांच्याकडे अजून जुने टंक चालतात, त्यात मजकूर नव्याने टाइप केला की रफार सरकतो, जोडाक्षर फुटतं, आणि ‘विदर्भ’चा ‘विदभर्’ होऊन पाचशे लेबलं निघतात. छपाईआधीचा नमुना दोघींनी मोठ्याने वाचा.

यापुढची गोष्ट मला सगळ्यांत महत्त्वाची वाटते. हे नाव आणि तुमचा फोन नंबर वस्तूवर हवेत, डब्यावर नाही. डबा त्याच दिवशी रद्दीत जातो. दोऱ्याने बांधलेलं पुठ्ठ्याचं लेबल घरी पोहोचल्याबरोबर कात्रीने कापलं जातं. वर्षभराने मैत्रीण विचारते तेव्हा भिंतीवर फक्त लॅम्प असतो.

बांबूवर शाईचा शिक्का मारून बघितला असेल तर अनुभव असेलच. वरची हिरवी-पिवळी साल गुळगुळीत, मेणचट असते, शाई धरत नाही, बोटाने पुसली जाते. आतल्या बाजूला शाई पसरते. उपाय जुनाच आहे: तापलेल्या ठशाने डाग द्यायचा. पितळेचा छोटा ठसा करून घ्या, जाड सोल्डरिंग आयर्नच्या टोकाला बसेल असा. तांब्या-पितळेचं काम करणारा किंवा शिक्के बनवणारा कारागीर तो करून देतो. ठशात अक्षरं उलटी लागतात आणि रेषा जाड लागतात, बारीक रेषा जळून एकमेकींत मिसळतात. प्रत्येक वस्तूत बोटभर रुंदीची एक सपाट पट्टी मुद्दाम विणा, आतला भाग वर येईल अशी, आणि तिच्यावर डाग द्या. आधी तुकड्यांवर हात बसवा. ठसा कमी तापला तर अक्षरं फिकट, जास्त वेळ टेकवला तर काळं डबकं. लॅम्पमध्ये ही पट्टी खालच्या कड्यावर हवी, कारण टांगलेल्या लॅम्पकडे माणूस खालून बघतो. टोपलीत काठाच्या आत. ट्रेच्या तळाला.

त्या पट्टीवर नाव आणि फोन नंबर, बस. पत्ता, ईमेल, इन्स्टाग्राम यांची गर्दी नको.

नंबरबद्दल मात्र थांबून विचार करा. बहुतेक गटांच्या लेबलवर अध्यक्षांच्या मुलाचा नंबर असतो. मुलगा पुण्याला नोकरीला लागतो, सिम बदलतो, किंवा रिचार्ज राहून जातो आणि काही महिन्यांनी तोच नंबर तिसऱ्याच कुणाला मिळतो. मग तुमच्या लॅम्पवर कायमचा जाळलेला नंबर कुठल्यातरी अनोळखी घरात वाजतो. एक स्वतंत्र सिम घ्या, गटाच्या खर्चातून रिचार्ज, आणि त्यावर व्हॉट्सअ‍ॅप बिझनेस. त्यात वस्तूंची यादी फोटो-किमतीसह फुकट लावता येते. तुमच्या आकाराच्या धंद्याला वेबसाइटची जागा हीच भरून काढते. क्यूआर कोड करायचा तर थेट व्हॉट्सअ‍ॅपच्या लिंकचा करा. फुकट क्यूआर बनवून देणाऱ्या काही साइटी मधे आपली लिंक घालतात आणि मुदत संपली की पैसे मागतात.

पासवर्ड एकाच माणसाकडे असले की काय होतं ते मी एका गटात जवळून पाहिलं आहे. पेज छान चाललं होतं, ऑर्डरी येत होत्या, पण पेज, ईमेल, लोगोची फाइल, सगळं एकीच्या पुतण्याकडे होतं. घरात जमिनीवरून भांडण झालं आणि पुतण्याने पेज बंद केलं. गटाला त्याच नावाने नवं पेज काढून ‘आम्हीच खरे’ असं लिहावं लागलं. कागदावर ठराव करा: नाव कुणाचं, नंबर कुणाकडे, पासवर्ड कोणत्या दोघींना माहीत, एखादी गट सोडून गेली तर तिला नाव वापरता येईल की नाही. गटाच्या इतिवृत्तात लिहून सगळ्यांच्या सह्या घ्या. लोगो ज्याच्याकडून कराल, भाचा असला तरी, त्याच्याकडून ‘याचे सर्व हक्क गटाला दिले’ असं लेखी घ्या. नुसते पैसे दिले म्हणून हक्क आपोआप तुमच्याकडे आले असं धरून चालू नका. आणि कॅनव्हा या डिझाइनच्या ॲपमधलं तयार चित्र उचलून लोगो केला तर तो ट्रेडमार्क म्हणून नोंदवता येत नाही, त्यांच्या अटींतच तसं आहे.

ट्रेडमार्क कधी? पहिलं वर्ष नाव चालतं का ते बघा, मग. व्यक्ती आणि उद्यम नोंदणी असलेल्या छोट्या उद्योगांना ऑनलाइन अर्जाची फी मालाच्या एका वर्गाला ४,५०० रुपये आहे, इतरांना ९,०००. लॅम्पशेड वर्ग ११ मध्ये, बांबूचं फर्निचर आणि तशा वस्तू २० मध्ये, घर-स्वयंपाकाच्या टोपल्या २१ मध्ये. तिन्हीत एकदम अर्ज नको, ज्यातून जास्त पैसे येतात त्या एकात करा. अर्ज ट्रेडमार्क जर्नलमध्ये प्रसिद्ध झाल्यावर चार महिने कुणालाही हरकत घेता येते. नोंदणी झाली की अर्जाच्या तारखेपासून दहा वर्षं, पुढे नूतनीकरण. तोवर नावापुढे ‘टीएम’ लावू शकता. वर्तुळातला ‘आर’ मात्र नोंदणीआधी लावू नका, तो गुन्हा आहे. अर्ज कुणाच्या नावाने करायचा हा तुमच्यासाठी खरा पेच आहे. एकीच्या नावाने केला तर कायद्याने नाव तिचं. म्हणून आधी ठराव, आणि पुढे धंदा वाढला की गटाची भागीदारी संस्था किंवा उत्पादक कंपनी.

आता लेबलवरचा मजकूर. तुम्ही पाठवलेल्या नमुन्यातलं वाक्य असं आहे: ‘विदर्भातील आत्महत्याग्रस्त भागातील गरीब व गरजू महिलांनी बनवलेली पर्यावरणपूरक वस्तू. आपली एक खरेदी त्यांच्या आयुष्यात आनंद आणेल.’

हे काढून टाका. एक तर ते खरं नाही. शेतकरी आत्महत्यांमुळे २००६ मध्ये पंतप्रधानांचं पॅकेज आलं ते अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलडाणा, वाशिम आणि वर्धा या सहा जिल्ह्यांसाठी होतं. चंद्रपूर त्यात नव्हतं. आणि ज्या जिल्ह्यांत ते खरं आहे तिथेही कुणाच्या मरणावर ट्रे विकावा का, याचं उत्तर मला तरी नाही असंच येतं. पण भावना बाजूला ठेवून नुसता धंदा बघितला तरी ते तोट्याचं आहे. दयेपोटी माणूस एकदा घेतो. घेतल्यावर त्याचं पुण्य झालं, परत यायचं कारण संपलं. शिवाय दयेने घेणारा भाव करत नाही पण वापरतही नाही, वस्तू कपाटात जाते. मैत्रिणीने बघायला ती भिंतीवर हवी ना?

त्याऐवजी वस्तूबद्दल बोला. माझा मसुदा:

‘मानवेल बांबू, तीन वर्षं वाढलेला, हिवाळ्यात तोडलेला. विणलं: (नाव). गाव अमुक, ता. मूल, जि. चंद्रपूर. कोरड्या फडक्याने पुसा, ओल लागली तर सावलीत वाळवा. पट्टी तुटली तर फोन करा, बदलून देऊ.’

कटांग असेल तर कटांग लिहा. तुम्हाला दोन्हींतला फरक हाताला कळतो, मानवेल भरीव, कटांग पोकळ नि काटेरी. गिऱ्हाइकाला तो माहीत नसतो, आणि असं काही नवं कळलं की तो दुसऱ्याला सांगतो. ‘जंगल तोडून करता का हो?’ हा प्रश्न मुंबईच्या स्टॉलवर हमखास येतो. तेव्हा न चिडता सांगा की बांबू हे गवत आहे, दर पावसाळ्यात बेटाला नवे कोंब येतात आणि जून बांबू काढला तर बेट उलट नीट वाढतं. २०१७ मध्ये कायदा बदलला आणि जंगलाबाहेर वाढलेला बांबू ‘झाड’ या व्याख्येतून वगळला गेला, हेही ठाऊक असू द्या. तुमचा बांबू कुठून येतो त्याची पावती जपून ठेवा.

‘बदलून देऊ’ या शब्दांना एजन्सी हसेल. पण दुरुस्तीसाठी आलेला फोन म्हणजे घरबसल्या आलेलं गिऱ्हाईक. पट्टी बदलायला तुम्हाला कितीसा वेळ लागतो? पूर्वी दारावर येणारा बुरुड सूप दुरुस्त करून देतानाच नवी परडी खपवून जायचा, हे तुमच्या घरात सगळ्यांना माहीत आहे.

‘१०० टक्के नैसर्गिक’ लिहू नका, लॅम्पला पॉलिश आहे. पर्यावरणाच्या पोकळ दाव्यांविरुद्ध केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २०२४ मध्ये मार्गदर्शक तत्त्वं काढली आहेत. तसंच पुढे कधी लॅम्पला खादीचं कापड लावलंत तर ‘खादी’ हा शब्द लेबलवर वापरायला खादी आयोगाचं प्रमाणपत्र लागतं. नुसतं हातमाग कापड असेल तर हातमागच म्हणा. डबाबंद माल विकायचा तर वजनमापाच्या नियमांप्रमाणे बनवणाऱ्याचं नाव-पत्ता, वस्तूचं नाव, नग, महिना-वर्ष, सर्व करांसह एमआरपी आणि तक्रारीचा फोन-ईमेल छापावं लागतं. हे सगळं डब्यावर, एका कोपऱ्यात, वाचता येईल एवढ्या अक्षरांत.

एमआरपी आली की किमतीचा विषय निघतो, आणि इथे गटांची ओळख सगळ्यांत जास्त सांडते. समजा एका लॅम्पला मजुरी ३००, बांबू-वायर-होल्डर १२०, डबा-लेबल ३०, जाण्यायेण्याचा आणि खराब मालाचा वाटा ५०. झाले ५००. रिसॉर्टचं दुकान ४० टक्के ठेवून घेत असेल तर छापील किंमत ९०० लागते, म्हणजे तुमच्या हाती ५४०. आता नागपूरच्या स्टॉलवर बाई येते, ‘काय भाव देऊन राहिल्या?’ विचारते, आणि शेवटच्या दिवशी माल परत न्यायचा कंटाळा म्हणून तुम्ही ६०० ला देता. तीच बाई महिन्याभराने ताडोबाला जाते आणि तोच लॅम्प ९०० ला बघते. ती रिसॉर्टवाल्याला लुटारू म्हणते, तो तुम्हाला फोन करतो, आणि पुढची ऑर्डर देत नाही. वस्तूवर आता नाव जाळलेलं असल्यामुळे हे लपणारही नाही. म्हणून किंमत सगळीकडे एकच. सूट द्यायची तर दोन घेतले तर एवढे कमी, अशी, आणि ती सगळ्यांना सारखी.

रिसॉर्टवाला किंवा नागपूरचा दुकानदार म्हणेल, ‘तुमचं लेबल काढून द्या, आमचं लावतो.’ याला सरसकट नाही म्हणायचा सल्ला मी देणार नाही. पावसाळ्यात चूल पेटवायची असते आणि मोठी ऑर्डर सोडवत नाही. पेनस्टँड, ट्रे, भेटवस्तूंचे डबे बिनानावाचे खुशाल द्या. पण तुमचा तो लॅम्प आणि तो टोपल्यांचा संच कुणालाही, कितीही मोठ्या ऑर्डरला, डाग न देता देऊ नका. तो नमुना फक्त तुमच्या नावानेच बाजारात असला पाहिजे. दुकानदार कुरकुर करतो, पण वस्तू खपत असेल तर घेतो.

फोटोंना कॅमेरावाला नको. सकाळच्या उन्हात, सारवलेल्या अंगणात किंवा कोऱ्या भिंतीपुढे, शेजारी प्लास्टिकची फुलं न ठेवता. एका फोटोत वस्तू हातात धरलेली हवी, म्हणजे आकार कळतो, आणि खाली इंचात माप. लॅम्पचा एक फोटो संध्याकाळी लावून काढा, भिंतीवर पडणारी जाळीदार सावली हीच त्याची जाहिरात आहे. इन्स्टाग्राम कुणाला आवडीने चालवायचं असेल तर चालवू द्या. आठवड्यातून एक फोटो पुरे, आणि त्यापायी विणकामाचा वेळ जाऊ देऊ नका.

पैसे आहेत त्यांचा क्रम असा लावते. आधी ठसा, तापवायचं यंत्र आणि प्रक्रियेची टाकी. मग सिम. मग लेबलांची छपाई, पहिली खेप दोनशेच, कारण मजकूर बदलणार आहे. मग लॅम्पसाठी मजबूत डबा, साध्या खाकी पुठ्ठ्याचा, वर रबरी शिक्का. पुठ्ठ्यावर शाई छान बसते. एवढं करून ३५ हजारांतले बरेचसे हातात उरतील, ते बांबू हंगामात एकदम घेऊन ठेवायला वापरा.

शेवटी तुम्ही विचारलंय की पुढच्या प्रदर्शनाच्या बॅनरवर काय लिहायचं, कारण तो उद्याच छापायला द्यायचा आहे. नाव अजून ठरलेलं नाही, तर घाईने ‘ताडोबा’ छापून घेऊ नका. ‘बांबूचे लॅम्प आणि टोपल्या. आम्हीच विणतो.’ खाली गावाचं नाव, तालुका मूल, आणि नवा नंबर. सिम मात्र आजच घ्या. स्टॉलवर एकीने सतत विणत बसायचं, पाळी लावून. आणि एक वही ठेवा: जो लॅम्प घेईल त्याचं नाव, गाव आणि फोन, त्याला विचारून. नाव ठरलं, ठसा आला, की त्या सगळ्यांना एक मेसेज टाकता येईल.